दहावी ब ची हजेरी

आमच्या मंडळात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. मी सत्तावीस. नांदेडला राहते ती सोळा. आमच्या नातवंडांच्याही तोंडी हेच बसलंय. परवा सोळाच्या चार वर्षांच्या नातवानं फोन उचलला आणि म्हणाला, "सत्तावीस आजी, सोळा आजी आंघोळीला गेलीय." बाहेरच्या माणसाला वाटावं, तुरुंगातून सुटलेल्या बायांनी मंडळ काढलंय.

त्याला कारण आहे. आम्ही सगळ्या लातूरच्या एका मुलींच्या शाळेतल्या, दहावी ब च्या. लग्नात आमची आडनावं तर बदललीच, पण ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून बहुतेकींची पहिली नावंही बदलली. तीस-बत्तीस वर्षांनी एका लग्नात आम्ही पाच-सहा जणी समोरासमोर आलो तेव्हा चेहरे ओळखीचे, पण हाक काय मारायची हे कुणालाच कळेना. माहेरचं नाव घ्यावं तर तिच्या सुना इकडेतिकडे बघायच्या, आणि सासरचं नाव आम्हाला ठाऊक नाही. शेवटी सोळानं मंगल कार्यालयाच्या मधोमध उभं राहून हाक दिली, "ए एकवीस." पंगतीत भाजी वाढत असलेली एक बाई बादली तशीच हातात धरून "हजर" म्हणाली. तिचं तिलाच हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि पंगत भाजीसाठी खोळंबली.

तिथून मंडळ सुरू झालं, त्याला आता बारा वर्षं झाली. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजता, पाळीपाळीनं एकेकीच्या घरी जमायचं. चहाच्या आधी हजेरी. ती मी घेते, कारण मी तहसील कचेरीत अव्वल कारकून होते आणि कागद नीट ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. लांब आडवी वही, प्रत्येकीचा खाना, गैरहजर असेल तर कारण. कारणही मला पटावं लागतं. सगळ्या म्हणतात मी जरा जास्तच कडक आहे. असेन.

आकडा जपण्याचं माझं स्वतःचंही एक कारण आहे. आमच्याकडे नाव सांगितलं की पाठोपाठ प्रश्न येतो, आडनाव काय. मी बुद्धविहाराच्या गल्लीत वाढले. त्या उत्तरानंतर समोरच्याच्या चेहऱ्यात काय हलतं ते मी लहानपणापासून बघत आलेय. नोकरीत असतानाही बघितलं. सत्तावीसला आडनाव नसतं. म्हणून कुणी मला सत्तावीस म्हटलं की मला अजूनही बरं वाटतं.

बावीसला मंडळात मीच आणलं. मंडळ नवंनवं होतं तेव्हाची गोष्ट. गंजगोलाईच्या बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करणारी एक बाई दिसली. तिची मान एका बाजूला कलती ठेवायची लकब बघून मी ओळखलं. शाळेत ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. दोन वर्षं मी फळ्यापेक्षा तिची पाठच जास्त पाहिली होती. मी म्हटलं, "अगं, बावीस ना तू? दहावी ब?"

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हाव."

पुढच्या शनिवारी ती आली आणि सगळ्यांनी तिला ओळखलं. वर्गातलं तिला आमच्यापेक्षा जास्त आठवायचं. कोण कुणाशेजारी बसायचं, भूगोलाच्या बाई कोणत्या शब्दावर अडखळायच्या, कुणाच्या डब्यात रोज लसणाची चटणी असायची, सगळं. तिला किल्लारीकडे दिली होती. भूकंपानंतर घरचे सगळे लातूरला आले. नवरा गेल्यावर ती मुलाकडे राहते, त्याचं मोबाइलचं दुकान आहे. सुशीला करावा तर तिनंच. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा साधा प्रकार, पण आमच्या हातून त्याचा लगदा होतो आणि तिच्या हातून दाणा न् दाणा सुटा. एकदा आम्ही टूम काढली की प्रत्येकीनं शाळा सोडल्याचा दाखला आणायचा, सगळ्यांच्या झेरॉक्स एकत्र लावायच्या. ती म्हणाली, "माझी ट्रंक भूकंपात गेली बाई." आमच्याकडे किल्लारीचं नाव निघालं की पुढं कुणी काही विचारत नाही. आम्हीही विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सोळाचा नांदेडहून फोन आला. वर्गातली आणखी एक सापडली म्हणे. देवणीकडे दिलेली होती, आता लेकीजवळ नांदेडला आलीय. "कोण ते सांगणार न्हाई. इकडं या आणि वळखा," म्हणाली. मी लगेच ट्रॅव्हलर ठरवली आणि सगळ्यांना फोन लावले. बावीस म्हणाली, "माझा गुडघा लई धरलाय. तुम्ही जाऊन या."

"गुडघा गाडीत बसूनच असतो," मी म्हटलं. "मला वर्षअखेरीला शंभर टक्के हजेरी पाहिजे. फजूल कारणं सांगू नकोस."

आली बिचारी. अहमदपूरला आम्ही चहाला उतरलो, ती उतरली नाही. मला वाटलं खरंच गुडघा दुखत असेल. लोह्याच्या पुढं सगळ्या गाणी म्हणायला लागल्या. ती खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत राहिली.

सोळाच्या घरी पोचलो. ती नवी मैत्रीण पलंगावर बसली होती, लहानखुरी, चष्म्यातून सगळ्यांकडे बघून लाजत हसणारी. आम्हाला कुणालाच ओळखता येईना. वर्गात अशा दोन-तीन मुली असतातच, ज्यांच्याबद्दल कुणाला काही आठवत नाही. सोळाला चेव आला. ती म्हणाली, "हजेरीच घे. आकडा आला की ती बोलंल."

मी वही उघडली. चार, नऊ, सोळा, एकवीस. मग मी "बावीस" म्हटलं आणि दोन आवाज आले, "हजर."

मी चष्मा वर करून बघितलं. नवी माझ्या बावीसकडे वळली होती आणि तिचा चेहरा खुलला होता. तिच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. ती म्हणाली, "अगं, तू व्हय? तू तर नववी झाली आन् गेलीस की. तुझं लगीन लागलं. तू गेलीस म्हणून तर मी तेविसाची बावीस झाले."

मला त्या क्षणी माझ्या बावीसची दया आली असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला राग आला. बारा वर्षं मी एक चुकीची नोंद करत होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. कचेरीत खोट्या सातबाऱ्यावर बोट ठेवून ज्या आवाजात विचारायची, त्याच आवाजात मी सगळ्यांसमोर विचारलं, "दहावीला नव्हतीस तू?"

"न्हाई."

"मग बारा वर्षं हजेरी कशी लावलीस?"

ती शांतपणे म्हणाली, "तू बाजारात विचारलंस, बावीस ना तू? मी बावीसच होते. दहावीचं तू जोडलंस." मग म्हणाली, "तीस वर्षांत मला कुणी बावीस म्हणलं नव्हतं. तोंडातून हाव निघून गेलं. मागून सांगायला जीभ रेटली न्हाई."

मग ती उठून आत गेली आणि सोळाच्या सुनेबरोबर धपाटे थापायला बसली. बाहेर सगळ्या नव्या मैत्रिणीशी मुद्दाम मोठ्यानं बोलायला लागल्या. मी काय केलं? मी बावीसच्या खान्यात शेरा मारला, 'पडताळणी बाकी'. कचेरीतली बत्तीस वर्षांची सवय. पेनाचं टोपण लावेपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नाही. परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. लातूरला उतरताना "येते गं" म्हणाली, तेही कुणा एकीला नाही, सगळ्यांना मिळून.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ती आली नाही. फोन केला तर वाजत राहिला. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. सोळा मला फोनवर वाट्टेल ते बोलली. "तुझी वही घाल चुलीत," म्हणाली. ती नवी तर दर दोन दिवसांनी फोन करून रडवेली व्हायची, "मला तेवीस करा, काय पण करा, पण तिला आणा. माझ्या तोंडातून गेलं."

मी मात्र हट्टानं वही काढून बसले, पहिल्या पानापासून. नांदेडपर्यंतच्या बारा वर्षांत बावीस फक्त चार वेळा गैरहजर. एकदा ताप, एकदा पाहुणे, एकदा नातीची शाळा, एकदा नुसतंच 'जमत नाही'. त्या चारही शनिवारी मंडळात कुणी ना कुणी नवीन आली होती. नवी बाई येणार असं कळलं की ही घरी बसायची, ती आपल्याला ओळखून काय बोलेल या धास्तीनं. मग कुणी काही बोललं नाही असं कळल्यावर पुढच्या वेळी यायची. हे सगळं माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत लिहिलेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

आणखी एक हिशोब मी बोटांवर केला. आमच्या नववी ब मधून त्या वर्षी सगळ्या पास झाल्या होत्या. मुख्याध्यापिकांनी पेढे वाटले, फळ्यावर रंगीत खडूनं 'शंभर टक्के' लिहिलं होतं. दहावीच्या पटावर एकच नाव कमी झालं, तिचं. पट आडनावाच्या क्रमानं. तिच्या मागं ज्या ज्या होत्या त्या सगळ्या एकेक घर वर सरकल्या. तेविसाची बावीस झाली. अठ्ठाविसाची सत्तावीस झाली. म्हणजे जो आकडा मी आडनावापेक्षाही जपत आले होते, तो मला एका मुलीला पंधराव्या वर्षी शाळेतून काढून बोहल्यावर उभं केलं म्हणून मिळाला होता. तिच्या पाठीमागं मी दोन वर्षं बसले असं समजत होते. एकच वर्ष बसले होते. त्यानंतर माझ्या पुढं दुसरंच कुणी होतं आणि मला फरकसुद्धा कळला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

तिसऱ्या महिन्यात बैठक एकवीसच्या घरी होती. मी तीन वाजताच निघाले आणि आधी बावीसच्या घरी गेले. सुनेनं दार उघडलं आणि मला बघून चकित झाली.

"मावशी, तुम्ही इथं कशा? आई तर तुमच्याकडंच गेल्यात की. दोनलाच निघाल्या, डबा घेऊन."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. ती कौतुकानं बोलत होती, "मागच्या महिन्यात लई मजा केली म्हणं तुम्ही. आई घरी येऊन सगळं सांगतात आम्हाला. सोळा आजींनी नक्कल केली, तुम्ही रागावला, धपाटे उरले. पोरगी तर बसून ऐकती."

मागच्या महिन्यात सोळा लातूरला आलीच नव्हती. आणि धपाट्यांचं नावही कुणी काढलं नव्हतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कुणासाठी खोटा शेरा मारला नाही. त्या उंबऱ्यात मात्र सराईतासारखी म्हणाले, "हाव की. मलाच उशीर झाला. वाटेत तिला घ्यावं म्हणून आले होते."

कोपऱ्यावर एक रिक्षावाला उभा होता. त्याला विचारलं, दोनच्या सुमारास डबा घेतलेल्या एक बाई गेल्या का. "त्या आजी? बागेपाशी सोडलं की मीच," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात पण तिथंच सोडलं होतं." मी त्याच्याच रिक्षात बसले.

शिकवणीवाल्यांच्या भागातली ती बाग. बाकाबाकावर बाहेरगावची पोरं-पोरी जाडजूड पुस्तकं मांडीवर घेऊन पाठांतर करत होती. त्यांच्यातच एका बाकावर ही बसली होती, चांगली इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर डबा. बैठकीला येताना नेसते तीच साडी.

"इथं काय करून राहिलीस?" मी विचारलं.

"येळ घालवून राहिले." तिनं मला बसायला जागा केली. दचकली वगैरे नाही. "सहा वाजले की जाते घरी."

"बैठकीला जाणं बंद केलं म्हणून सांगायचं घरी."

"मग का बंद केलं, ते सांगावं लागलं असतं." शेजारच्या बाकावर एक पोरगी डोळे मिटून काहीतरी घोकत होती, तिच्याकडे ती बघत होती. "सुनेला वाटतं, सासू दहावीची हाय. नातीला मी रोज म्हणते, अभ्यास कर, आम्ही दहावी ब च्या पोरी असं करायचो, तसं करायचो. तिला आता काय सांगू?"

मी म्हटलं, "माझं चुकलं. तसं सगळ्यांसमोर विचारायला नको होतं." हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा म्हटलेलं नाही, त्यामुळे ते जरा कचेरीतल्या खुलाशासारखंच बाहेर पडलं. पण मी ते मनापासून म्हटलं होतं.

"तुझं काय चुकलं? वही बराबर पाहिजेच." मग म्हणाली, "ट्रंक गेली हे खरंय हं. दाखला पण होता त्यात. नववीचा होता. लग्न ठरल्यावर बाप शाळेत जाऊन घेऊन आला होता. मी तो नवऱ्याच्या घरी ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता, कधी तरी लागंल म्हणून."

मी तिला नव्या मैत्रिणीचं सांगितलं, तेवीस व्हायला कशी तयार बसलीय ते. सोळानं मला काय काय म्हटलं तेही सांगितलं. माझी वही चुलीत घालायची म्हटल्यावर ती हसली. मी घड्याळ बघितलं. चारला दहा मिनिटं कमी होती. एकवीसचं घर तिथून रिक्षानं दहा मिनिटं. बारा वर्षांत मी बैठकीला एकदाही उशिरा पोचले नव्हते.

"चल," मी म्हटलं. "सगळ्या वाट बघतायत."

ती उठली नाही. डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली. "एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही दहावीचं बोलायला लागलात की मी चहा टाकायला उठायची. निरोपाच्या दिवशी काय केलं, सहल कुठं गेली, परीक्षेला कुणाचा नंबर कुठं आला, मला काहीच ठाऊक न्हाई. बारा वर्षं विचारता पण आलं न्हाई, विचारलं तर कळलं असतं." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "आता सांग की. दहावीचं सगळं सांग. पहिल्या दिवसापासून सांग."

मी पर्स बाजूला ठेवली आणि नीट बसले. आठवायला लागले. पहिला दिवस मला आठवत होता, पण तो तिला सांगण्यासारखा नव्हता. खोटं रचता आलं असतं. अर्ध्या तासापूर्वीच मी तिच्या सुनेशी सफाईनं खोटं बोलले होते. पण हिच्याशी आता तसं नको वाटलं.

"पहिल्या दिवशी नवा वर्ग होता, जिन्याजवळचा," मी म्हटलं. "बाईंनी नवा पट उघडून हजेरी घेतली. बावीस म्हटल्यावर दुसरीनंच हजर म्हटलं. सत्ताविसाला मी म्हटलं. तू कुठं गेलीस, हे कुणी विचारलं नाही. बाईंनी नाही, आम्ही पोरींनी नाही. मी तर तुझ्या मागंच बसायची, मीसुद्धा नाही."

शेजारच्या बाकावरची पोरगी पान उलटून पुन्हा घोकायला लागली. बावीस तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि डबा आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "पुढं सांग."